शास्त्राला अनाथच कां सांपडतात?

विद्येच्या क्षेत्रांत एक मोठी सोईची समजूत रूढ झालेली आहे. ती अशी कीं, संशोधन म्हटलें म्हणजे तें पवित्रच असावयाचें, आणि त्याविषयीं शंका घेणारा मनुष्य एक तर अडाणी असला पाहिजे, नाहीं तर प्रगतीचा वैरी तरी. जोंपर्यंत संशोधक दगड फोडतो किंवा तारे मोजतो, तोंपर्यंत या समजुतीपासून कोणाची हानि होत नाहीं. परंतु ज्या शास्त्राला आपला विषय हाडामांसाच्या माणसांतच शोधावा लागतो, तेथें ती घातक ठरते. वाचाशास्त्र हें असें एक शास्त्र आहे. माणूस कसा बोलतो, कां अडखळतो, बहिऱ्या मुलाला वाचा कशी फुटते, अर्धांगानें गेलेली वाणी परत कशी आणावी, हे त्याचे प्रश्न. त्याची उपयुक्तता आम्ही तर नाकारीत नाहींच, पण ज्याच्या घरांत एखादें मूल ‘त त प प’ करतें असा कोणताहि बाप नाकारणार नाहीं. तथापि याच शास्त्राच्या एका अग्रगण्य पीठांत १९३९ सालीं जें घडलें, आणि आजहि शहाणीं माणसें त्याचें जें समर्थन करतात, तें पाहिलें म्हणजे कोणी तरी स्पष्ट बोलण्याची गरज आहे असें आम्हांस वाटतें.

प्रथम हकीकत सांगितली पाहिजे. अमेरिकेंतील आयोवा राज्याचें विद्यापीठ हें गेल्या शतकाच्या तिसऱ्या व चौथ्या दशकांत तोतरेपणाच्या अभ्यासाचें माहेरघर समजलें जाई. कार्ल सीशोर या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकारानें तेथें या विषयाची पायाभरणी झाली, आणि ली एडवर्ड ट्रॅव्हिस यांच्या हाताखालीं तेथील प्रयोगशाळेची कीर्ति पसरली. ट्रॅव्हिस यांचें मत असें कीं, मेंदूच्या दोन भागांपैकीं एकाचें वर्चस्व नीट प्रस्थापित झालें नाहीं म्हणजे वाणी अडखळते. वेंडेल जॉन्सन (१९०६–१९६५) हा कॅन्सस प्रांतांतील एक शेतकऱ्याचा मुलगा, स्वतः तोतरा, आपल्या व्याधीवर उपाय शोधीत तेथें आला, तेथेंच शिकला आणि तेथेंच प्राध्यापक झाला. त्याला गुरूचें मत पटेना. त्याचें म्हणणें असें पडलें कीं, लहानपणीं सर्वच मुलें थबकतात, तोच शब्द पुन्हां पुन्हां उच्चारतात, आईबाप त्यालाच रोग असें नांव देतात, मूल घाबरतें, आणि घाबरल्यामुळें तें खरोखरच अडखळूं लागतें. म्हणजे निदान हेंच रोगाचें कारण!

मत मोठें चतुर आहे, आणि त्यांत सत्याचा कांहीं अंश असावा असें प्रथमदर्शनीं कोणासहि वाटेल. जिना उतरतांना पायऱ्या मोजूं लागलें कीं पाय चुकतो, हा अनुभव सर्वांचाच आहे. पण मत पारखावयाचें कसें? जॉन्सननें तें काम मेरी ट्यूडर या आपल्या पदव्युत्तर विद्यार्थिनीकडे प्रबंधाचा विषय म्हणून सोंपविलें. त्यासाठीं डॅव्हनपोर्ट गांवांतील सैनिकांच्या अनाथ मुलांचें एक जुनें आश्रयस्थान निवडण्यांत आलें. तेथून बावीस मुलें घेतलीं. त्यांतील दहा मुलें तोतरीं म्हणून तेथील शिक्षकांनीं व देखरेख करणाऱ्या बायांनीं दाखवून दिलेलीं. बारा मुलें नीट बोलणारीं. तोतऱ्यांपैकीं पांचांना सांगण्यांत आलें कीं तुमच्या बोलण्यांत कांहीं दोष नाहीं. पांचांना सांगितलें कीं लोक म्हणतात तें खरें आहे. नीट बोलणाऱ्यांपैकीं सहांची स्तुति केली. आणि उरलेल्या सहांना—ज्यांच्या वाणींत कांहींहि व्यंग नव्हतें अशा सहा पोरक्या मुलांना—वारंवार सांगण्यांत आलें कीं तुम्हांला तोतरेपणा जडूं लागला आहे, त्याचीं लक्षणें स्पष्ट दिसत आहेत, तो थांबविण्यासाठीं हवे ते प्रयत्न करा, आणि नीट बोलतां येणार नसेल तर बोलूंच नका. शिक्षकांनाहि तसेंच कळविण्यांत आलें, कीं त्यांनीं मुलांच्या प्रत्येक चुकीवर बोट ठेवावें. हा प्रकार जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत चालला.

परिणाम काय झाला, तें त्या प्रबंधांतच नमूद आहे. त्या सहांपैकीं कित्येक मुलें बोलण्याचें टाळूं लागलीं, विचारल्यास एका शब्दांत उत्तर देऊं लागलीं, वर्गांत मागें पडूं लागलीं. जीं मोकळेपणीं बोलत होतीं तीं शब्द तोंडाबाहेर काढण्यापूर्वीं घुटमळूं लागलीं. ट्यूडरबाईंना याची टोंचणी लागलेली दिसते. प्रयोग संपल्यावर त्या पुन्हां त्या अनाथालयांत गेल्या आणि मुलांची समजूत काढण्याचा यत्न केला. तो पुरेसा झाला नाहीं, हें त्यांनीं स्वतः जॉन्सनला कळविलें होतें. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयांत जाऊन पडला. तो कधीं छापला गेला नाहीं. त्या विभागांतील इतर विद्यार्थी आपसांत त्याला ‘राक्षसी प्रयोग’ म्हणत, एवढीच त्याची प्रसिद्धि. मुलांना तर आपल्यावर प्रयोग झाला हें ठाऊकच नव्हतें. २००१ सालीं कॅलिफोर्नियांतील एका वृत्तपत्रानें तें प्रकरण बाहेर काढलें, तेव्हां हयात असलेल्यांना तें प्रथम कळलें. त्या वेळीं तीं मुलें सत्तरीच्या घरांत पोहोंचलीं होतीं! विद्यापीठानें त्याच वर्षीं क्षमा मागितली, आणि खटला होऊन २००७ सालीं राज्यानें सहा जणांस किंवा त्यांच्या वारसांस मिळून ९,२५,००० डॉलर देण्याचें कबूल केलें.

येथवर हकीकत झाली. आतां तिच्या समर्थनार्थ जे युक्तिवाद पुढें येतात ते एकेक पाहूं.

पहिला युक्तिवाद हेतूचा. जॉन्सन हा दुष्ट नव्हता. त्यानें स्वतः ती व्यथा भोगली होती. असंख्य मुलांना त्यापासून सोडवावें हाच त्याचा हेतु होता, असें म्हणतात. आम्ही तें मान्य करतों. पण हेतु शुद्ध असल्यानें मनुष्य स्वतःला पणास लावील तर तो वीर ठरतो. दुसऱ्याला पणास लावील तर काय ठरतो, याचें उत्तर महाभारतांतील द्यूताच्या प्रसंगानें आमच्या समाजास पूर्वींच दिलेलें आहे. शिवाय, हा प्रयोग असाच करावयास हवा होता काय? लेबल लाविल्यानें तोतरेपणा येतो असें मत असेल, तर लेबल काढल्यानें तो गेला पाहिजे. ज्यांना लोक तोतरीं म्हणत अशा मुलांना ‘तुमचें बोलणें ठीक आहे’ असा धीर देऊन तीं सुधारतात कीं नाहीं, हें पाहिलें असतें तरी मताची परीक्षा झालीच असती. आणि ती परीक्षा करतांना कोणाचें कांहीं बिघडलें नसतें, झाला तर लाभच झाला असता. प्रयोगाचा तो अर्धा भाग त्यांच्याच आंखणींत होता! मग निरोगी मुलांना रोगी ठरविणारा दुसरा अर्धा कशाला? केवळ पुरावा अधिक ठसठशीत व्हावा म्हणून. पुराव्याच्या ठसठशीतपणासाठीं सहा मुलांची वाणी खर्ची घालणें हा विचार ज्या बुद्धींत सहज शिरतो, त्या बुद्धीला शुद्ध हेतूची ढाल पुरणार नाहीं.

दुसरा युक्तिवाद काळाचा. ‘तो काळच तसा होता, आजच्या नीतीनें कालच्या माणसांस मोजूं नये’ असें मोठ्या गंभीरपणें सांगण्यांत येतें. न्युरेंबर्गची संहिता १९४७ ची, अमेरिकेंतील माणसांवरील प्रयोगांचा कायदा १९७४ चा. १९३९ सालीं नियमच नव्हते, मग नियमभंग कोठला? या युक्तिवादाला खुद्द त्या काळानेंच उत्तर देऊन ठेविलें आहे. ‘राक्षसी’ हें विशेषण आजच्या कोणा नीतिवाद्यानें दिलेलें नाहीं. तें त्याच विभागांत वावरणाऱ्या विद्यार्थ्यांनीं दिलें. ज्या बाईंनीं प्रयोग केला त्यांनाच दुरुस्तीसाठीं परत जावेंसें वाटलें. जॉन्सननें आपल्या पुढील अनेक ग्रंथांत व लेखांत जगाला किती तरी सांगितलें, पण हा प्रयोग कधीं छापून काढला नाहीं. ज्याला आपण केलें तें योग्य वाटतें तो तें लपवीत नाहीं. आणि सर्वांत मोठा पुरावा स्थळाच्या निवडींतच आहे. आयोवा सिटींत प्राध्यापकांच्या घरीं नीट बोलणारीं मुलें काय थोडीं होतीं? विद्यापीठाच्या अंगणांतच तीं खेळत असतील. त्यांना सोडून डॅव्हनपोर्टच्या अनाथालयाची वाट कां धरावी लागली? कारण तेथें ‘माझ्या मुलाला तुम्ही काय सांगतां?’ असें विचारणारी आई नव्हती. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचें तें कार्टें’ ही म्हण आपण शेजारणीच्या भांडणांत वापरतों. ती विद्यापीठांनाहि लागू पडते. नीति त्या काळीं नव्हती असें नाहीं. ती होती, फक्त तिच्या कुंपणाच्या बाहेर कांहीं मुलें ठेवलेलीं होतीं.

तिसरा युक्तिवाद अधिक विद्वत्तेचा आहे, म्हणून त्याकडे अधिक लक्ष दिलें पाहिजे. २००२ सालीं निकोलीन अँब्रोझ व एहूद यायरी या दोन संशोधकांनीं ट्यूडरबाईंच्या प्रबंधांतील आंकडे पुन्हां तपासले आणि निष्कर्ष काढला कीं, त्या मुलांत खराखुरा तोतरेपणा उत्पन्न झाल्याचा पुरावा त्यांत नाहीं. तेव्हां कांहीं लोक म्हणूं लागले, मग एवढा गवगवा कशाला? कोणी तोतरें झालेंच नाहीं! आंकड्यांविषयीं या दोघांचें म्हणणें आम्ही स्वीकारतों. परंतु त्यावरून जी निश्चिंतता काढण्यांत येते ती स्वीकारतां येत नाहीं. एखाद्यानें विहिरींत विष कालवावें, आणि सुदैवानें कोणी मेलें नाहीं तर ‘मग बिघडलें काय?’ म्हणून विचारावें, तसलाच हा प्रकार. शास्त्राच्या व्याख्येंत बसणारा तोतरेपणा झाला नसेल. पण जें मूल बोलावयाचें थांबलें, जें चारचौघांत तोंड उघडण्यास लाजूं लागलें, त्याला व्याख्येशीं काय कर्तव्य? वाणी ही केवळ स्वरव्यंजनांची यंत्रणा नाहीं. आपलें बोलणें कोणी तरी ऐकून घेईल या विश्वासावर ती चालते, आणि पोरक्या मुलापाशीं तर तेवढेंच एक भांडवल असतें.

आणखी एक गोष्ट हे समर्थक विसरतात. प्रयोगानें तोतरेपणा उत्पन्न झाला नाहीं हें खरें असेल, तर ज्या मताची ती परीक्षा होती तें मतच डळमळलें, असें म्हणावें लागतें. मग तो निकाल जगासमोर यावयास नको होता काय? उलट तोतरेपणा उत्पन्न झाला असेल, तर तेवढ्या भयंकर गोष्टीची सूचना इतर संशोधकांस मिळावयास नको होती काय? कोणत्याहि बाजूनें पाहिलें तरी मौनाला समर्थन उरत नाहीं. आणि या मौनाची किंमत केवळ सहा मुलांनीं दिली नाहीं. निदानानेंच रोग होतो हें मत पुढें कित्येक वर्षें पाठ्यपुस्तकांतून गाजत राहिलें. मुलांवर रागावूं नका, त्यांना बोलण्याची घाई करूं नका, हा त्यांतून निघालेला उपदेश चांगलाच होता, आणि आम्ही तो आजहि प्रत्येक आईबापास देऊं. पण त्याच मतानें असंख्य आयांच्या माथीं असा दोषहि मारला कीं, तुझें मूल तोतरें झालें तें तुझ्यामुळें. आज आपणांस ठाऊक आहे कीं, सुमारें शंभरांत पांच मुलें लहानपणीं कांहीं काळ तोतरीं बोलतात आणि त्यांतील बहुतेक पुढें सुधारतात. तसेंच या व्याधींत आनुवंशिकतेचा वांटा मोठा आहे. पाकिस्तानांतील कुटुंबांपासून सुरू झालेल्या एका अभ्यासावरून २०१० सालीं तीन जनुकांतील बदलांचा कांहीं लोकांच्या तोतरेपणाशीं संबंध दाखविण्यांत आला. ज्या आया वर्षानुवर्षें स्वतःला दोष देत बसल्या त्यांना हें कळावयास किती उशीर झाला!

मताच्या मोहानें डोळे कसे झांकले जातात याचें दुसरें उदाहरण याच गुरूच्या परंपरेंतलें आहे. बॅनॉक व शोशोनी या अमेरिकेंतील मूळच्या जमातींत कोणी तोतरें नसतें, आणि त्यांच्या भाषेंत त्या व्याधीला शब्दच नाहीं, असें जॉन्सनच्या प्रेरणेनें तेथें गेलेल्या संशोधकानें सांगितलें, आणि तें त्याच्या मतास इतकें सोईचें होतें कीं त्याचा चहूंकडे डंका पिटला गेला. शब्द नाहीं म्हणून रोग नाहीं! १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधलेखानें दाखवून दिलें कीं, त्या लोकांत तोतरीं माणसें होतीं आणि त्यासाठीं त्यांच्या भाषेंत एक सोडून अनेक शब्द होते. परक्या माणसाला ते कोणी सांगितले नव्हते इतकेंच. गुरूला काय हवें आहे हें ओळखून शोध घ्यावयास गेलें म्हणजे तेंच सांपडतें.

चौथा युक्तिवाद मोठ्यानें कोणी बोलत नाहीं, पण व्यवहारांत तोच चालतो. तो असा कीं, केलें तें विद्यार्थिनीनें केलें. वाङ्मयांत हा प्रयोग ‘ट्यूडर यांचा अभ्यास’ म्हणून ओळखला जातो. आणि त्याच विद्यापीठांत वाचा व श्रवणशास्त्राच्या इमारतीला नांव मात्र जॉन्सनचें देण्यांत आलें. प्रयोग शिष्येच्या नांवावर, इमारत गुरूच्या नांवावर! ज्यांनीं आपलीं वर्षें महाविद्यालयांत घालविलीं आहेत त्यांना ही वांटणी नवीन वाटणार नाहीं. मत प्राध्यापकाचें, आंखणी त्याची, पदवी देण्याचा अधिकार त्याचा. आणि मुलांसमोर बसून तें खोटें वाक्य उच्चारण्याचें काम मात्र विशीबाविशींतील मुलीचें. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणें म्हणतात तें हेंच. ट्यूडरबाईंचा दोष आम्ही पुसून टाकीत नाहीं. त्यांनीं नकार द्यावयास हवा होता. परंतु ज्याच्या एका सहीवर आपलें पुढील आयुष्य अवलंबून आहे त्या गुरूला नकार देणें म्हणजे काय, हें आमच्या व्यवसायबंधूंनीं प्रामाणिकपणें आठवून पाहावें. नकाराची शक्यता ज्या नात्यांत जवळजवळ नसते, त्या नात्यांत जबाबदारी वरच्यानेंच घेतली पाहिजे.

कोणी म्हणेल, आयोवाचें हें जुनें पाप उकरून काढून आम्हां मराठी वाचकांस काय मिळणार? मिळण्यासारखें पुष्कळ आहे. मैसूरला या शास्त्राची राष्ट्रीय संस्था १९६६ सालापासून आहे. मुंबईंत वांद्र्यास अली यावर जंग यांच्या नांवाची संस्था १९८३ पासून बहिऱ्यांसाठीं व वाचादोष असलेल्यांसाठीं काम करते. मुंबई-पुण्यांत या विषयाच्या पदव्या मिळतात. त्या पदव्यांसाठीं विद्यार्थी दरवर्षीं प्रबंध लिहितात. हें उत्तमच आहे. मराठी मुलांच्या वाणीचा अभ्यास इंग्रजी मुलांच्या मापानें होऊं नये. आमचे ‘ळ’ आणि ‘ण’, ‘चहा’तला च आणि ‘चिमणी’तला च, ‘म्हातारा’तला म्ह, हे मूल कोणत्या वयांत उच्चारूं लागतें, याची नोंद येथल्याच अभ्यासकांनीं केली पाहिजे. म्हणजे संशोधन वाढलें पाहिजे हेंच आमचें म्हणणें. पण तें वाढेल तसा तो जुना प्रश्नहि उभा राहील कीं, मुलें आणावयाचीं कोठून? प्रबंधाची मुदत जवळ आलेली, तीस मुलांचा आंकडा भरावयाचा. अशा वेळीं बहिऱ्यांची निवासी शाळा, बालगृह, आश्रमशाळा यांचें दार सर्वांत सहज उघडतें. एका अधीक्षकाची सही मिळाली कीं तीस आईबापांच्या दारीं जावें लागत नाहीं.

नियम नाहींत असें नाहीं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें मुलांवरील संशोधनास पालकांची संमति तर लागतेच, पण सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारहि घ्यावा लागतो. आणि संस्थांत राहणाऱ्या मुलांना अधिक संरक्षणाची गरज आहे हेंहि तेथें मानलेलें आहे. परंतु नियमाचा कागद व नियमाची वृत्ति यांत अंतर असतें. संमतिपत्र इंग्रजींत छापून शेतमजूर बापाचा अंगठा घेतला तर कागद पुरा होतो, संमति होत नाहीं. बहिऱ्या मुलाला त्याच्या खुणांच्या भाषेंत न विचारतां मान हालविली म्हणून होकार लिहिला, तर तो होकार कोणाचा?

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत, आणि त्या आमच्या व्यवसायबंधूंकडेच आहेत. पहिली ही कीं, कोणताहि मार्गदर्शक जो प्रयोग स्वतःच्या नातवावर होऊं देणार नाहीं तो त्यानें पोरक्या मुलावर होऊं देऊं नये, आणि मंजुरीच्या वेळीं हा प्रश्न त्याला तोंडावर विचारला जावा. दुसरी ही कीं, निकाल मनासारखा लागो वा न लागो, तो प्रसिद्ध व्हावा, आणि ज्या शाळेनें मुलें दिलीं त्या शाळेला व त्या पालकांना तो सोप्या मराठींत कळविला जावा. आज ज्यांच्या वाणीवर प्रबंध उभे राहतात त्यांना त्या प्रबंधांतील एक ओळहि वाचावयास मिळूं नये हा कोठला न्याय? तिसरी ही कीं, प्रयोगांत अपाय झाला तर पहिला जबाब प्राध्यापकानें द्यावा, विद्यार्थ्यानें नव्हे.

या मागण्यांनीं संशोधन खुंटेल अशी भीति कोणी घालील. खुंटलें तर तेवढेंच खुंटेल जें खुंटावयास हवें. डॅव्हनपोर्टच्या त्या सहा मुलांपैकीं कोणालाहि कोणीं एकदां विचारलें असतें कीं, ‘बाळ, तुझ्यावर आम्ही असें असें करणार आहों, चालेल का?’ तर तीं सर्व त्या वेळीं नीट बोलूं शकत होतीं, आणि त्यांनीं स्पष्ट उत्तर दिलें असतें.